दहा वर्षांचं काम सांगायचं कसं, आणि कुणाला?

प्रश्न: सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं तीन वकिलांचं ऑफिस आहे. सर, मी आणि एक नवा ज्युनिअर. येत्या जानेवारीत ऑफिसला दहा वर्षं होतील. यंदा बरंच काही घडलं. मी मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं, जमिनीच्या एका दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडून आमच्या अशिलाच्या बाजूने निकाल आला आणि कुंभारीत बिडी कामगार बायकांसाठी दोन मोफत सल्ला शिबिरं घेतली. ज्युनिअर म्हणतो, गड्ड्याच्या यात्रेत डिजिटल फलक लावू, रील टाकू, पेपरात बातमी देऊ. सर म्हणतात, काही नको, गप्प काम करा. ‘उत्कृष्ट विधी संस्था’ अशा पुरस्कारासाठी फोनही येऊन गेला. शिबिरांना गर्दी झाली, पण त्यातून पुढे फारसं काही निघालं नाही, ही खंत वेगळीच. आपलं काम लोकांना कळावं असं वाटणं चूक आहे का? नेमकं काय करावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: वाटणं चूक नाही. डिजिटल मात्र लावू नका. सर बोलतात त्यात नुसता जुन्या वळणाचा संकोच नाही, त्यामागे नियम आहे.

वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम ३६ वकिलाला काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो, प्रत्यक्ष असो की आडवळणाने. परिपत्रकं, जाहिराती, दलाल, ओळखदेख नसताना साधलेला संपर्क हे तर त्यात आहेच. पुढचा भाग ज्युनिअरने दोनदा वाचावा: आपण चालवलेल्या प्रकरणाबद्दल वर्तमानपत्राला मजकूर पुरवणं आणि फोटो छापून आणणं हेही त्यात स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे कोल्हापूरच्या निकालाची बातमी, सोबत तिघांचा हसरा फोटो, हे थेट नियमाच्या कक्षेत येतं. गैरवर्तन सिद्ध झालं तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली ताकीद, सनदेचं निलंबन आणि टोकाला पटावरून नाव काढणं इथपर्यंत शिक्षा आहे. तक्रार करायला नाराज अशील लागत नाही. बार रूममध्ये समोरच्या टेबलावर बसणाऱ्याच्या फोनचा कॅमेरा पुरतो.

दाराच्या पाटीलाही हाच नियम लागू आहे. पाटी बेताच्या आकाराची हवी. बार असोसिएशनचा किंवा बार कौन्सिलचा अध्यक्ष वा सदस्य आहे किंवा होतो, अमुक संस्थेशी संबंधित आहे, अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहे, पूर्वी न्यायाधीश होतो, यातलं काहीही पाटीवर, लेटरहेडवर लिहायचं नाही. शहरात ‘माजी अध्यक्ष’ लिहिलेल्या पाट्या दिसतात, हे खरं. त्या आहेत म्हणून तुमची नियमात बसत नाही.

मग जागा कुठे आहे? वेबसाइटवर. २००८ साली नियम ३६ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारं कलम, जोडलं गेलं. त्यानुसार वकिलाला स्वतःच्या वेबसाइटवर ठरावीक माहिती देता येते: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्य बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे ते, बार असोसिएशनचं सदस्यत्व, शैक्षणिक आणि व्यावसायिक पात्रता, आणि कोणत्या क्षेत्रात वकिली करता ते. माहिती खरी असल्याचं घोषणापत्रही लागतं. तुमचं मध्यस्थीचं प्रशिक्षण ‘पात्रता’ या सदरात सहज बसतं: कोणतं प्रशिक्षण, किती तासांचं, कोणत्या वर्षी, एवढी एक ओळ. ‘दिवाणी, जमीनविषयक, कौटुंबिक’ हे क्षेत्रांत बसतं. अशिलांचे अभिप्राय, जिंकलेल्या दाव्यांची यादी, ‘९५ टक्के यश’ हे कशातच बसत नाही. पान उघडताच ‘मी स्वेच्छेने माहिती घेत आहे, ही जाहिरात नाही’ अशी खिडकी बरेच जण टाकतात. टाका हवी तर, पण त्या खिडकीने आतली जाहिरात शुद्ध होत नाही.

रीलबद्दल. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांवरून आणि इन्फ्लुएन्सरकरवी होणाऱ्या वकिलांच्या जाहिरातींविरुद्ध जाहीर इशारा दिला. वारसनोंद कशी करतात, चेक परत आला तर किती दिवसांत नोटीस द्यायची, असं सर्वसाधारण कायद्याबद्दल बोलायला हरकत दिसत नाही. पण चालू प्रकरणाचा उल्लेख नको, फोन नंबर नको, ‘संपर्क करा’ नको, आणि अंगात गाऊन, गळ्यात बँड तर नकोच. कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड आणि गाऊन घालायला, ठरवून दिलेले समारंभ सोडले तर, वेगळी मनाई आहे. शिबिरातल्या फोटोंनाही हे लागू होतं.

पुरस्काराचं लवकर आटपू. निवड झाल्याचं आधी सांगतात आणि ‘नोंदणी शुल्क’, ‘टेबलाचे पैसे’ नंतर मागतात, तो पुरस्कार विकत घेतलेला असतो. तो पाटीवरही जाणार नाही, वेबसाइटवरही नाही. ट्रॉफी ठेवायला कपाटात जागा लागेल तेवढीच.

आता या वर्षाच्या कामगिरीचं काय करायचं. ती लिहून ठेवा, पण ऑफिससाठी. एक साधी वही किंवा एक्सेलची शीट. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला कोर्टाने दिलेला ओळख क्रमांक), कोर्ट, वकीलपत्र दाखल केल्याची तारीख, मुद्दा एका वाक्यात, निकाल, निकालाची तारीख, वर अपील किंवा स्थगिती आहे का, आणि आपल्यापैकी कुणी काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो आणि पुढे तोच लागतो. दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कुणी काढला, खालच्या कोर्टातले निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदांना दिलेले क्रमांक) कुणी जुळवले, युक्तिवाद कुणी केला? कोल्हापूरला तिथल्या एखाद्या सहकाऱ्याने उभं राहून बाजू मांडली असेल, तर नोंदीत त्यांचं नाव आधी. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाऊ लागली, त्यामुळे अशी वाटून केलेली कामं वाढणार. ज्युनिअरने टाचणं काढली असतील तर तेही लिहा. दहा वर्षांनी तो स्वतःचा अर्ज भरेल तेव्हा त्याला ही ओळ लागेल.

ही वही लागते कुठे? बँकेच्या किंवा महापालिकेच्या पॅनेलसाठी, म्हणजे त्यांच्या वकिलांच्या यादीसाठी, अर्ज करताना, नोटरीच्या अर्जात (साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीयांना सात), मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी. तिथे ‘अनेक यशस्वी खटले’ असं लिहून भागत नाही, क्रमांक आणि निकालाच्या प्रती लागतात. शिवाय विचारलं गेल्यावर आपली पात्रता सांगणं म्हणजे काम मागत फिरणं नव्हे.

वहीत दोन गोष्टी सांभाळा. ज्या निकालावर अपील चालू आहे तो ‘जिंकला’ म्हणून लिहू नका, ‘अपील प्रलंबित’ लिहा. आणि लोकअदालतीत मिटलेली प्रकरणं कमी दर्जाची समजून गाळू नका. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोड घडवणं हेही वकिलाचं कसब आहे, आणि तुम्ही तर त्याचंच प्रशिक्षण घेतलंत.

बाहेर दाखवायच्या प्रतीतून मात्र काही नावं काढावीच लागतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. हिंदू विवाह कायद्याखालची कार्यवाही कलम २२ प्रमाणे बंद दाराआड चालते, ती छापता येत नाही. सोलापूरसारख्या शहरात ‘साखर पेठेतली शिक्षिका, दोन मुलं’ एवढं लिहिलं तरी ओळख पटते. अशिलाने सांगितलेलं गुपित ठेवायचं बंधन काम संपल्यावरही संपत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तेच सांगतं.

आता शिबिरांकडे येऊ. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे असं आम्हाला वाटतं. गर्दी झाली आणि पुढे काही निघालं नाही, याची कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. विषय ठरलेला नसतो, लोक कागद न घेता येतात, दोन मिनिटांत सल्ला दिला जातो आणि त्या दिवसानंतर कुणाचं काय झालं हे पाहायला माणूस नेमलेला नसतो.

पहिलं, शिबिर ऑफिसच्या नावाने घेऊच नका. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना किमान तीन-चार आठवडे आधी पत्र द्या: विषय, जागा, वेळ, किती वकील, कोणत्या भाषा. तालुक्याच्या गावी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे. फलक प्राधिकरणाचा, प्रसिद्धिपत्रक त्यांचं, तुम्ही तिथे राबणारे वकील. यामुळे नियम ३६ चा काटा निघतो, आणि त्याहून मोठा फायदा असा की पुढची प्रकरणं जायला एक अधिकृत दार मिळतं. व्हिजिटिंग कार्ड खिशातच राहू द्या. शिबिरात आलेल्या बाईला ‘उद्या ऑफिसला या’ म्हणणं आणि तिथे फी सांगणं हा समाजसेवेच्या नावाखाली काम गोळा करण्याचाच प्रकार झाला. तिला गावातून घेऊन येणाऱ्याला वाटा दिला तर तो आणखी वेगळा गैरप्रकार: वकील नसलेल्याशी फीची वाटणी चालत नाही.

दुसरं, एका शिबिराला एकच विषय. ‘कायदेविषयक मार्गदर्शन’ हा विषय नाही. बिडी कामगारांसाठी ‘पीएफच्या खात्यातलं नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करणं’ हा विषय आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, तेलुगू घरनाव पुढे की मागे, कारकुनाने लिहिलेलं स्पेलिंग. आधारवर एक, पीएफला दुसरं, बँकेत तिसरं. त्या फरकावर पैसे अडकतात. येताना आणायच्या कागदांची यादी आठवडाभर आधी मराठी आणि तेलुगूत वस्तीत लावा: आधार, बँकेचं पासबुक, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) किंवा पीएफ क्रमांक, बिडी कामगाराचं ओळखपत्र, शाळेचा दाखला असेल तर तो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. झेरॉक्सवाला जवळ नसेल तर निम्मा दिवस तिथेच जातो, तेव्हा मशीनची सोय आधी पाहा. नाव दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लरेशनला (कामगार आणि मालक यांच्या संयुक्त अर्जाला) मालकाकडूनही दुजोरा लागू शकतो, म्हणून कोणत्या कारखान्याची कोणती शाखा हे फॉर्मवर पहिल्या ओळीत घ्या. आणि वेळ ठरवण्याआधी बायकांना विचारा. बिडी मोजून द्यायच्या वेळेला शिबिर लावलं तर येतील त्या फक्त शेजारपाजारच्या.

तिसरं, हिशेब. एका माणसाला नीट ऐकायला दहा मिनिटं लागतात, मध्ये भाषांतर करणारा असेल तर पंधरा. तीन वकील, अडीच तास, पंधरा मिनिटांनी एक: तीस जण. तेवढीच टोकन द्या, उरलेल्यांना पुढची तारीख लिहून द्या. दीडशे जण ‘झाले’ अशी बातमी छान दिसते, पण त्यातल्या कुणालाही धड उत्तर मिळालेलं नसतं. तेलुगू किंवा कन्नड बोलणारे विधी स्वयंसेवक प्राधिकरणाकडून मागून घ्या. शेजारचा पोरगा दुभाषा म्हणून बसवू नका. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल ती त्याच्यासमोर कशी बोलेल? उद्घाटनाला दहा मिनिटं. शाल-श्रीफळ आणि सोलापुरी चादरीचे सत्कार ठेवायचेच असतील तर शेवटी ठेवा, थांबायचं ते थांबतील.

चौथी गोष्ट लहान ऑफिसात हमखास निसटते. बोलायला सुरुवात करण्याआधी समोरच्या पक्षाचं नाव विचारा आणि तुमच्या अशिलांच्या यादीशी ताडून पाहा. तुम्ही एखाद्या बिडी कारखानदाराचं काम करत असाल, तर त्याच्याच कामगाराला त्याच्याविरुद्ध सल्ला देता येत नाही. आणि उलटंही खरं आहे: शिबिरात सल्ला दिलेल्या बाईच्या विरुद्ध पक्षाकडून उद्या त्याच प्रकरणात उभं राहता येत नाही, त्याच नियमावलीतला नियम ३३ आडवा येतो. म्हणून शिबिरातल्या प्रत्येक माणसाचं नाव ऑफिसच्या नोंदीत गेलं पाहिजे. टेबलावर दोन वेगवेगळ्या ऑफिसांतले वकील असले की अशा वेळी माणूस शेजारच्या खुर्चीकडे पाठवता येतो.

फॉर्म अर्ध्या पानाचा पुरे: नाव, फोन, भाषा, विरुद्ध पक्ष, अडचण एका ओळीत, काय सांगितलं, पुढचं पाऊल कुणाचं, कोणत्या तारखेपर्यंत. एक रकाना मुदतीचा ठेवाच. बाई पीएफसाठी आलेली असते आणि बोलता बोलता पिशवीतून भिशीच्या पैशांचा परत आलेला चेक निघतो. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, हे तिथल्या तिथे लाल शाईने लिहायचं. फॉर्मची एक प्रत तिच्या हातात, एक तुमच्याकडे.

ज्यांना कोर्टात जावं लागेल त्यांचे विधी सहाय्याचे अर्ज तिथेच भरून घ्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक हे उत्पन्न न पाहता पात्र आहेत. बिडी वळणाऱ्या बाईकडे उत्पन्नाचा दाखला मागत बसणं म्हणजे तिला विनाकारण तहसीलची फेरी घालायला लावणं. कोर्ट फी, मसुदा, नकला यांचा खर्च या सहाय्यात येतो, आणि पॅनेलवरच्या वकिलाला लाभार्थ्याकडून एक रुपयाही घेता येत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. नंतर अडचण आली तर विधी सहाय्याचा १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो फॉर्मच्या तळाशी छापा.

मग पंधराव्या दिवशी फोन आणि पंचेचाळिसाव्या दिवशी दुसरा. हे काम ज्युनिअरकडे द्या, रील करायला जेवढा वेळ जाणार होता त्यात तीस फोन होतात. किती अर्ज गेले, किती नावं दुरुस्त झाली, किती अडकली आणि कुठे, हे एका पानावर सचिवांना कळवा. अडकण्याचं कारण एकाच शाखेत किंवा एकाच कागदात सापडलं तर पुढचं शिबिर कशावर घ्यायचं ते आपोआप ठरतं.

पुढच्या वर्षासाठी आणखी एक विषय सुचवतो: अक्कलकोट रोड एमआयडीसीतले छोटे टॉवेल उत्पादक. माल परगावी जातो, पैसे सहा-सहा महिने येत नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सुविधा परिषद, हे २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यात आहे. बरेच दावे दोन कारणांनी अडतात: उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) माल पाठवल्यानंतर केलेली असते, किंवा अर्जदार उत्पादक नसून निव्वळ व्यापारी असतो. हे तासाभरात सांगून होतं, आणि सोबत बिलावर उद्यम क्रमांक कुठे छापायचा त्याचा नमुना द्या.

दहा वर्षांच्या निमित्ताने ऑफिसचा ट्रस्ट काढावा असं कुणी सुचवेल. आमचं मत: नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. तीन माणसांच्या ऑफिसचे शनिवार त्यातच जातील. त्यापेक्षा विधी महाविद्यालयातले एक-दोन विद्यार्थी इंटर्न म्हणून घ्या. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २० आठवडे इंटर्नशिप लागते आणि मुलं जागा शोधतच असतात. त्यांना शिबिराचे फॉर्म भरू द्या, कागद लावू द्या. सल्ला मात्र वकिलानेच द्यायचा.

विधी सहाय्याच्या पॅनेलसाठी तुम्ही आणि सरांनी अर्ज करायला हरकत नाही. तिथे साधारणपणे तीन वर्षांची वकिली लागते. ज्युनिअरची तेवढी झाली नसेल तर तोपर्यंत त्याने पॅनेलवरच्या वकिलांबरोबर लोकअदालतीच्या टेबलावर बसावं आणि प्रत्येक वेळी सीएनआर क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.